कॉन्सर्टचं तिकीट: कधी काढायचं, कधी थांबायचं आणि जादा तारीख आली की काय करायचं

मोठ्या बँडच्या शोची तिकिटं संपल्याची पाटी लागते आणि त्याच संध्याकाळी हजारो लोक रीसेलच्या, म्हणजे तिकिटांच्या फेरविक्रीच्या, साइटवर जाऊन तिप्पट-चौपट पैसे मोजतात. मग काही दिवसांत, कधी काही तासांतच, त्याच शहरात आणखी एक तारीख जाहीर होते, तिकिटं पुन्हा मूळ दराने निघतात आणि घाईघाईने घेतलेल्या तिकिटाचा भाव कोसळतो. जवळपास प्रत्येक मोठ्या दौऱ्यात हे घडतं आणि दर वेळी नवे लोक त्यात पैसे घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण यातलं बरंचसं नुकसान टाळता येतं.

मुळात एका शोची तिकिटं एकदम बाजारात येत नाहीत. आधी प्री-सेल, म्हणजे ठरावीक लोकांसाठीची आगाऊ विक्री, मग सर्वसाधारण विक्री, मग पैसे भरताना अडकून परत आलेली, मग जादा तारखेची, मग ज्यांना जाता येत नाही त्यांनी मूळ दराने परत दिलेली आणि अगदी शेवटी आयोजकांनी राखून ठेवलेली. चढ्या भावाचा रीसेल या सगळ्यानंतर येतो. लोक तो दुसऱ्या क्रमांकावर वापरतात, तिथेच सगळं बिघडतं.

## टप्पा १: विक्रीच्या आधीचा आठवडा

सर्वात जास्त तिकिटं या आठवड्यातल्या आळसामुळे हुकतात, म्हणून इथे वेळ घाला.

१. अधिकृत विक्रेता कोण ते बँडच्या साइटवरून शोधा. सर्च इंजिनमध्ये बँडचं नाव आणि ‘तिकीट’ असं टाकलं की सर्वात वर बहुधा जाहिराती येतात आणि त्यातल्या बऱ्याच रीसेलच्या साइटच्या असतात. काहींवर तर विक्री सुरू होण्याआधीच तिकिटं ‘उपलब्ध’ दिसतात. ज्याची विक्रीच सुरू झालेली नाही ते तिकीट विकणाऱ्याकडे आलं कुठून? ते त्याच्याकडे नसतंच. तुमचे पैसे आधी घ्यायचे आणि नंतर कुठूनतरी स्वस्तात मिळालं तर द्यायचं, असा तो व्यवहार असतो. बँडच्या साइटवर दौऱ्याचं पान असतं, त्यातल्या दुव्यावरूनच पुढे जा आणि ते पान बुकमार्क करून ठेवा.

२. खातं आधी उघडा आणि एकदा वापरून पाहा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. मोबाइल नंबर पडताळून घ्या, पत्ता भरा, कार्ड साठवा. जुनं खातं असेल तर पासवर्ड चालतो का ते आजच बघा. विक्रीच्या दिवशी पासवर्ड बदलण्याचा मेल यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रांग पुढे सरकलेली असते.

३. प्री-सेलची नोंदणी एकापेक्षा जास्त ठिकाणी करा. बँडची मेलिंग लिस्ट, एखाद्या बँकेच्या कार्डधारकांसाठीची विक्री, सभागृहाच्या सदस्यांसाठीची विक्री, अल्बमची आगाऊ मागणी करणाऱ्यांसाठीचा कोड असे वेगवेगळे दरवाजे असतात. प्रत्येकाची नोंदणीची मुदत वेगळी असते आणि ती प्री-सेलच्या आधीच संपते. नोंदणी झाली म्हणजे तिकीट मिळणार, असं मात्र धरून चालू नका. गायिका टेलर स्विफ्टच्या ‘एराज’ दौऱ्यासाठी २०२२मध्ये अमेरिकेत सुमारे ३५ लाख लोकांनी नोंदणी केली होती. कोड त्यातल्या साधारण १५ लाखांना गेला, बाकीचे प्रतीक्षा यादीत राहिले. पुढे १८ नोव्हेंबरला ठरलेली सर्वसाधारण विक्री रद्दच झाली. जे सर्वसाधारण विक्रीच्या भरवशावर बसले होते त्यांना तेव्हा रांगेत उभं राहण्याची संधीही मिळाली नाही.

४. कार्डाची मर्यादा तपासा. चार तिकिटं आणि वरचं शुल्क मिळून होणारी रक्कम तुमच्या कार्डाच्या दिवसाच्या किंवा एका व्यवहाराच्या मर्यादेत बसते का? परदेशातला शो असेल तर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का? ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन त्या वेळी तुमच्या हातात असेल का? पर्याय म्हणून दुसरं कार्डही खात्यात साठवून ठेवा.

५. निर्णय आधी घ्या आणि लिहून ठेवा. कागदावर चार गोष्टी हव्यात: तारखांचा पसंतीक्रम, जागांचा पसंतीक्रम, तिकिटांची संख्या आणि शुल्कासकट एका तिकिटासाठी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. हा आकडा शांत डोक्याने ठरलेला असला पाहिजे. घड्याळ उलटं धावत असताना ठरवलेला आकडा नेहमीच मोठा निघतो.

मित्रमंडळी मिळून जाणार असाल तर आणखी एक गोष्ट ठरवा: कोण किती काढणार. पाच जणांनी प्रत्येकी चार तिकिटं काढली की पंधरा उरतात आणि ती विकायची जबाबदारी अंगावर येते. एक ग्रुप करा, ज्याचा व्यवहार पूर्ण झाला त्याने लगेच कळवायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. सहा जण असाल तर सहा खुर्च्या एकत्र मिळण्याची आशा सोडा आणि दोन-दोनच्या जोड्या करा. जोडीला जागा सहज मिळते, एकट्याला तर त्याहूनही सहज.

तपासा: विक्रीच्या आदल्या रात्री लॉगिन झालेलं आहे, कार्ड साठवलेलं आहे, प्री-सेलचा कोड कॉपी करता येईल असा नोंदीत ठेवलेला आहे, चार ओळींचा कागद समोर आहे.

इशारा: हॉटेल आणि प्रवास आधी पक्का करायचाच असेल, तर फुकट रद्द करता येईल असाच घ्या.

## टप्पा २: रांग उघडण्याआधीची पंधरा मिनिटं

ऑनलाइन रांगेबद्दल लोकांचे जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असतील. बहुतेक मोठ्या साइटवर दोन खोल्या असतात. पहिली प्रतीक्षेची. ती विक्रीच्या काही वेळ आधी उघडते. विक्रीची वेळ झाली की तिथे असलेल्या सगळ्यांना सोडत काढल्यासारखे क्रमांक दिले जातात आणि ते दुसऱ्या खोलीत, म्हणजे खऱ्या रांगेत जातात. वेळ उलटून गेल्यावर जो येतो तो थेट रांगेच्या शेपटीला लागतो.

म्हणजे पहाटेपासून स्क्रीनसमोर बसून काही फायदा नाही. दहा-पंधरा मिनिटं आधी आलेला आणि तीन तास आधी आलेला, दोघांची सोडत एकच. पण दोन मिनिटं उशीर झाला तर मोठी किंमत पडते.

१. वेळ कुठली ते बघा. विक्रीची वेळ बहुधा शो ज्या शहरात आहे तिथल्या घड्याळानुसार दिलेली असते. जिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे सरकवतात तिथला शो असेल तर एका तासाचा घोळ हमखास होतो.

२. एका खात्यासाठी एक उपकरण आणि एकच टॅब. एकाच खात्यावरून पाच टॅब उघडले तर प्रणालीला तो बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणारा प्रोग्रॅम, वाटू शकतो. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने तिच्या खात्यावरून, तिच्या फोनवरून वेगळी रांग लावायला हरकत नाही.

३. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर तुमचं ठिकाण लपवणारी सोय, बंद करा. ऑफिसच्या नेटवरून रांग लावणं टाळा, कारण तिथे एकाच पत्त्यावरून शेकडो लोक येत असल्याचं दिसतं.

४. फोनची स्क्रीन बंद होणार नाही अशी सोय करा आणि चार्जर लावून ठेवा.

५. रांगेत असताना पान रिफ्रेश करू नका. पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करा.

समोर हजारोंचा आकडा दिसला म्हणून लगेच बाहेर पडू नका. पुढचे अनेक जण प्री-सेलचा कोड नसल्यामुळे, कार्ड अडल्यामुळे किंवा किंमत बघून गळतात. उलटही खरं आहे. आकडा लहान दिसला तरी पुढचा प्रत्येक जण चार-चार तिकिटं घेऊन जाऊ शकतो. त्या आकड्यावरून काही ठरवू नका, तिकीट आहे की नाही ते आत गेल्यावरच कळतं.

## टप्पा ३: आत गेल्यावरची पाच मिनिटं

आता समोर आसनांचा नकाशा आहे. निळे ठिपके म्हणजे रिकाम्या खुर्च्या. तुम्ही एकावर बोट ठेवता, ‘हे आसन दुसऱ्या ग्राहकाने घेतलं आहे’ असा निरोप येतो. शेजारच्या ठिपक्यावर बोट ठेवता, पुन्हा तोच निरोप. तुम्हाला दिसतो तो नकाशा काही सेकंद मागे असतो आणि तेवढ्या वेळात ते ठिपके गेलेले असतात. अशा वेळी ठिपक्यांमागे धावू नका. विभाग निवडा, संख्या टाका आणि ‘उपलब्ध असलेली सर्वोत्तम’ हा पर्याय घ्या. चार मिळत नसतील तर लगेच दोनवर या.

तिकीट कार्टमध्ये पडलं की ठरावीक मिनिटांसाठी ते तुमचंच असतं. धावपळ इथे संपली. आता चार ओळी मोठ्याने वाचा: शहर, तारीख, जागेचा प्रकार, शुल्कासकट एकूण रक्कम. जागेच्या प्रकारात ‘मर्यादित दृश्य’, ‘बाजूचं दृश्य’, ‘मंचामागे’ असे शब्द आहेत का ते बघा.

रक्कम वाचणं का महत्त्वाचं, ते ओॲसिस या ब्रिटिश बँडच्या विक्रीत सगळ्यांनी पाहिलं. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या शोची विक्री झाली. लोक तासन्‌तास रांगेत होते आणि त्यांच्या डोक्यात उभ्याच्या (खुर्ची नसलेल्या, उभं राहून बघायच्या) तिकिटाचा दर सुमारे १५० पौंड होता. आत पोहोचल्यावर अनेकांना तेच तिकीट ३५५ पौंडांना दिसलं. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने चौकशी केली तेव्हा निघालं ते असं: उभ्याची तिकिटं दोन दरांत ठेवली होती, स्वस्त वाटा संपला की महाग वाटा उघडला, आणि रांगेतल्या लोकांना याची नीट कल्पना दिली गेली नव्हती. सप्टेंबर २०२५मध्ये ती तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर या कंपनीने त्या प्राधिकरणाला हमी दिली की असे टप्प्याचे दर असतील तर ते २४ तास आधी सांगितलं जाईल. इतर देशांत किंवा इतर साइटवर तुम्हाला असं कोणी सांगेलच असं नाही. म्हणून तो कागदावरचा आकडा. रक्कम त्याच्या वर गेली तर कार्ट सोडून द्या. पुढचे दरवाजे अजून उघडायचे आहेत.

‘प्लॅटिनम’ शब्दाने फसू नका. टिकेटमास्टरसारख्या साइटवर या नावाची तिकिटं म्हणजे साधीच आसनं, मागणीनुसार चढ्या दराने लावलेली. त्यात कलाकाराची भेट नसते, वेगळं प्रवेशद्वार नसतं, भेटवस्तू नसते. ज्यात खरोखर काही जास्तीचं मिळतं त्या पॅकेजमध्ये काय काय आहे ते एकेक करून लिहिलेलं असतं.

इशारा: पैसे भरण्याचं बटण एकदाच दाबा. चक्र फिरत राहिलं तर दुसऱ्यांदा दाबण्याआधी मेल आणि ‘माझी तिकिटं’ हे पान बघा. नाहीतर एकाच शोची दोनदा खरेदी होते आणि ती परत घेतली जात नाही. पैसे कापले गेले आणि तिकीट दिसत नाही असं झालं, तर स्क्रीनशॉट काढा आणि साइटच्या आतल्या मदतीच्या पानावरूनच तक्रार करा. सर्च करून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका, तिथे बऱ्याचदा ठगच बसलेले असतात.

## टप्पा ४: ‘तिकिटं संपली’ दिसल्यावरचे दोन तास

पान बंद करू नका. ज्यांचं कार्ड अडलं, ज्यांची कार्टची वेळ संपली, ज्यांनी ऐनवेळी विचार बदलला, त्यांची तिकिटं पुन्हा साठ्यात येतात. ती एक-एक, दोन-दोन अशी तुरळक येतात आणि सेकंदांत जातात. रांगेतून आत आलेले असाल तर थोड्या-थोड्या वेळाने शोधत राहा. इथे रिफ्रेश केलेलं चालतं, कारण तुम्ही आता रांगेत नाही. दोन तासांनी काही हाती लागलं नाही तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघा.

त्या दिवशी रीसेलवर काहीही विकत घेऊ नका. तीन कारणं आहेत. घाबरलेले ग्राहक त्या दिवशी सर्वात जास्त असतात, म्हणून भाव चढलेले असतात. यादीतली बरीच तिकिटं विकणाऱ्याच्या हातात अजून आलेली नसतात. आणि जादा तारखा आहेत की नाहीत, ते अजून ठरायचं असतं.

एवढं मात्र करा: अधिकृत साइटवर त्या शोसाठी सूचना चालू करा, बँडची आणि सभागृहाची मेलिंग लिस्ट घ्या, आणि ज्या खात्यावरून रांग लावली ते खातं जपून ठेवा. त्याचं कारण पुढच्या टप्प्यात येतं.

## टप्पा ५: जादा तारखांचा अंदाज घ्या

हा टप्पा सगळेच वगळतात आणि माझ्या मते सर्वात जास्त पैसे इथेच वाचतात.

जादा तारीख ही बहुतेक वेळा आयत्या वेळची कल्पना नसते. दौरा आखतानाच आयोजक मैदानाच्या एकापेक्षा जास्त तारखा अडवून ठेवतात, पण जाहीर एकच करतात. ती झपाट्याने संपली तर पुढची उघडायची, नाही तर मैदान सोडून द्यायचं. तीन तारखा एकदम जाहीर करून तिन्ही अर्ध्या रिकाम्या राहिल्या, तर ते बँडलाही नको असतं आणि आयोजकांनाही. शिवाय स्टेडियममधला मंच उभारायला काही दिवस लागतात. तो उभा असताना दुसऱ्या रात्रीचा खर्च पहिल्या रात्रीपेक्षा बराच कमी येतो. म्हणून जादा शो बहुधा त्याच मैदानात, पहिल्या शोला खेटून येतो.

हे कसं घडतं ते बघा. कोल्डप्लेने जानेवारी २०२५साठी नवी मुंबईत १८ आणि १९ तारखा जाहीर केल्या होत्या. २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्री चालू असतानाच २१ तारखेचा तिसरा शो आला. नोव्हेंबरमध्ये अहमदाबादचा २५ जानेवारीचा शो जाहीर झाला आणि त्याच्या विक्रीच्या वेळीच २६ तारीख जोडली गेली. ‘एराज’ दौऱ्याचा अमेरिकेतला पहिला टप्पा २७ तारखांनी जाहीर झाला होता, विक्री सुरू होण्याआधीच तो आधी ३५ आणि मग ५२वर गेला. ओॲसिसने तर सर्वसाधारण विक्रीच्या दोन दिवस आधी तीन तारखा वाढवल्या आणि विक्रीनंतर काही दिवसांतच लंडनच्या वेम्बली स्टेडियमचे आणखी दोन शो जाहीर केले. हे दोन शो सर्वांसाठी खुले नव्हते. आधीच्या विक्रीत ज्यांनी प्रयत्न केला होता आणि ज्यांना तिकीट मिळालं नव्हतं, त्यांच्यातूनच सोडत काढून निमंत्रणं दिली गेली. रांग लावलेलं खातं जपा असं म्हटलं ते यासाठी.

अंदाज घेण्याची रीत अशी:

१. दौऱ्याचं वेळापत्रक कागदावर दिवसांनुसार मांडा. तुमच्या शहरातला शो आणि पुढच्या शहरातला शो यांत किती मोकळे दिवस आहेत? एवढं सामान ट्रकमधून नेऊन पुन्हा उभारायला लागतात त्याहून जास्त दिवस मोकळे असतील, तर त्यात जादा तारीख बसू शकते.

२. सभागृहाचं वेळापत्रक बघा. दुसऱ्या दिवशी तिथे सामना किंवा दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम असेल तर जादा शो तिथे होणार नाही.

३. बँडच्या जाहिरातीची भाषा बघा. ‘पहिल्या तारखा’ असं लिहिलं असेल तर पुढच्या आहेत असं समजायला हरकत नाही.

४. शेजारच्या शहराचाही विचार करा. जवळच्या अंतरात ठरावीक काळ दुसरा शो करायचा नाही, अशी अट करारात बऱ्याचदा असते. पहिला शो विकला गेला की आयोजकांच्या संमतीने ती सैल होते आणि मग शेजारच्या शहराचं नाव येतं.

या चारही गोष्टी अनुकूल असतील तर थांबणं शहाणपणाचं. लहान सभागृह, दुसऱ्याच दिवशी दूरच्या शहरात शो आणि मोकळा एकही दिवस नाही, असं चित्र असेल तर जादा तारखेची वाट बघत बसू नका, सरळ पुढच्या टप्प्यावर जा.

नवी तारीख विक्री चालू असतानाच आली तर? बहुतेक साइटवर प्रत्येक तारखेची रांग वेगळी असते. चालू रांग सोडू नका. दुसऱ्या खात्यावरून, दुसऱ्या फोनवर नव्या तारखेची रांग लावा. आणि पसंतीक्रम आधी ठरलेला असेल तर कुठली रांग सोडायची हा प्रश्नच उरत नाही.

नेहमीची चूक: आधीच्या तारखेचं तिकीट हातात असताना ‘जादा तारीख सोयीची आहे, घेऊन टाकू, आधीचं विकू’ असा विचार. जादा तारीख आली की पहिल्या तारखेचा भाव लगेच उतरतो. पहिलं तिकीट मूळ दराने परत देता येतं का, आणि परत देणं कधीपासून चालू होतं, हे बघितल्याशिवाय दुसरं घेऊ नका.

## टप्पा ६: रीसेल, ठरलेल्या क्रमाने

आता रीसेल. इथेही एक क्रम आहे. वरच्या पायरीवर मिळत नाही असं दिसल्याशिवाय खाली उतरू नका.

पहिली पायरी: मूळ दराची अधिकृत फेरविक्री. अनेक दौऱ्यांसाठी बँडनेच ठरवून दिलेली साइट असते, जिथे ज्याला जाता येत नाही तो छापील किमतीला तिकीट परत देतो. इथे तिकिटं सतत येत असतात. शोच्या आधीच्या आठवड्यात आणि जादा तारीख जाहीर झाल्यावर जास्त येतात. सूचना चालू ठेवा आणि रोज एका ठरलेल्या वेळी बघा.

दुसरी पायरी: अधिकृत विक्रेत्याच्याच साइटवरची फेरविक्री. इथे भाव चढा असू शकतो, पण जुना बारकोड रद्द होऊन तुमच्या नावे नवा निघतो, म्हणून तिकीट खोटं निघण्याची भीती जवळपास नसते.

तिसरी पायरी: हमी देणाऱ्या इतर रीसेल साइट. हमीचा अर्थ नीट समजून घ्या. तिकीट आलं नाही किंवा चाललं नाही तर पैसे परत मिळतील, एवढीच ती असते. शोच्या संध्याकाळी दरवाज्यावर अडवलं तर आत नेण्याची हमी कोणीच देत नाही. ओॲसिसच्या वेळी परवानगी नसलेल्या साइटवर विकली गेलेली सुमारे ५० हजार तिकिटं रद्द करण्याची भूमिका आयोजकांनी घेतली होती. तेव्हा आधी बँडच्या अटी वाचा.

चौथी पायरी: ओळखीच्या माणसाकडून, तेही विक्रेत्याच्या ॲपमधून तुमच्या खात्यात तिकीट पाठवलं जात असेल तरच.

अनोळखी माणसाकडून सोशल मीडियावर घ्यायचं नाही. ही पायरी मी मुद्दाम यादीत ठेवलेली नाही.

आता एक खोटी जाहिरात जवळून बघा. ‘दोन तिकिटं आहेत, घरात अडचण आल्यामुळे जाता येत नाही, मूळ दरात देतो.’ तुम्ही विभाग आणि रांग विचारता, उत्तर येतं ‘पुढच्या बाजूची आहेत’. तिकिटाचा फोटो मागता, लगेच येतो, कारण तो दुसऱ्या कोणाच्या पोस्टवरून उचललेला असतो. ॲपमधून पाठवा म्हणता, ‘ट्रान्सफर अजून सुरू झालेलं नाही, आधी अर्धे पैसे टाका, आणखी दोघं विचारत आहेत’. ट्रान्सफर शोच्या काही दिवस आधीपर्यंत बंद असतं हे अनेकदा खरंच असतं, म्हणून ही थाप पटते. तुमचं उत्तर एकच हवं: सुरू झाल्यावर बघू.

फोटो किंवा पीडीएफवर भरवसा ठेवू नका. टिकेटमास्टरने २०१९पासून आणलेल्या तिकिटांत बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो. त्याचा स्क्रीनशॉट दरवाज्यावर चालत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा, कारण तो जागोजागी वेगळा आहे. आयर्लंडमध्ये २०२१च्या कायद्याने मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मूळ किमतीवर १० टक्क्यांपर्यंतच वाढ चालते. अमेरिकेत बॉटने तिकिटं उचलण्याविरुद्ध २०१६पासून कायदा आहे, आणि मे २०२५पासून शुल्कासकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक आहे. तसा नियम जिथे नाही तिथे पहिल्या पानावरची किंमत धरून तुलना करू नका. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जा आणि तिथला आकडा लिहून घ्या.

तपासा: विभाग, रांग आणि आसन क्रमांक दिलेले आहेत का? तिकिटावर नाव असतं का आणि ते बदलता येतं का? कधी मिळणार, ती तारीख लिहिलेली आहे का? क्रेडिट कार्डाने पैसे भरता येतात का? यातल्या एकाही प्रश्नाला नीट उत्तर नसेल तर सोडून द्या.

## टप्पा ७: शोच्या आधीचे शेवटचे दिवस

मंच, ध्वनिक्षेपक, कॅमेऱ्यांचे मनोरे यांच्यासाठी सुरुवातीला बऱ्याच जागा अडवलेल्या असतात. प्रत्यक्ष उभारणी झाली की कुठून नीट दिसतं ते कळतं आणि त्यातल्या जागा मूळ दराने विक्रीला येतात. पाहुण्यांसाठी राखलेली तिकिटंही परत येतात. याची फारशी जाहिरात होत नाही. शोच्या तीन-चार दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ अधिकृत साइट बघा, शोच्या दिवशी दुपारी पुन्हा बघा. रीसेलचे भावही बऱ्याचदा याच दिवसांत उतरतात, कारण शो सुरू झाल्यावर त्या तिकिटाला काही किंमत उरत नाही. त्याच शहरात राहणाऱ्याने शेवटपर्यंत थांबावं. विमानाने येणाऱ्याने इतका धोका पत्करू नये.

काही बँड स्वस्त तिकिटं मुद्दाम उशिरा काढतात. कोल्डप्लेची ‘इन्फिनिटी’ तिकिटं साधारण २० डॉलरच्या आसपास असतात, जोडीनेच विकली जातात आणि जागा कुठली ते तिकीट हातात घेतानाच कळतं. मैदानाच्या अगदी पुढे किंवा अगदी वर, कुठेही. अशी योजना आहे का, हे बँडच्या साइटवर आधीच बघून ठेवा.

## टप्पा ८: तुम्हालाच तिकीट विकायचं असेल तर

१. ज्या साइटवरून घेतलं तिथेच आधी लावा. एकच तिकीट दोन साइटवर लावू नका. दोन्हीकडे विकलं गेलं तर एकाला तुम्ही फसवल्यासारखं होतं आणि दंडही बसू शकतो.

२. जाता येणार नाही हे कळताच लावा. जादा तारीख आल्यावर किंवा शेवटच्या दिवशी घेणारे कमी आणि विकणारे जास्त असतात.

३. बारकोड दिसेल असा फोटो कुठेही टाकू नका. जुन्या पद्धतीचं, न बदलणाऱ्या बारकोडचं तिकीट असेल तर कोणीही तो वापरून आधी आत जाऊ शकतो.

४. अनेक साइट विकणाऱ्याला पैसे शो झाल्यावरच देतात. त्या पैशांवर दुसरी खरेदी अवलंबून ठेवू नका.

शो पुढे ढकलला गेला तर जुनं तिकीट सहसा नव्या तारखेला चालतं आणि पैसे परत मागण्यासाठी थोडीच मुदत मिळते, तेव्हा त्याबद्दलचा मेल आल्याच्या दिवशीच वाचा. शो रद्द झाला तर आयोजक पैसे परत करतात ते मूळ खरेदीदाराच्या कार्डावर. रीसेलवर घेतलेलं असेल तर तुमचा दावा रीसेल साइटवर असतो, आणि ओळखीच्या माणसाकडून घेतलं असेल तर त्याच्याकडे. म्हणून पैसे दिल्याची नोंद, तिकीट खात्यात आल्याचा मेल आणि मूळ ऑर्डरचा क्रमांक, हे तिन्ही शो होऊन जाईपर्यंत सांभाळून ठेवा.